संशयाचा कोपरा

"मावशी, हे बघा जरा. टिल्लीच्या दुपट्याचं टोक जळलंय."

कामवाल्या मावशींनी नळ बंद केला, हात झटकले आणि दुपटं खिडकीशी नेऊन पाहिलं. टोकाला मोहरीएवढा काळा, टणक मणी झाला होता. कोणीतरी मुद्दाम तेवढंच टोक ज्योतीवर धरावं, तसा.

"इस्त्री लागली असेल."

"इस्त्री मी करते, मावशी. आणि इस्त्रीनं असं होत नाही."

"मग मला कशाला विचारताय?" मावशींचा आवाज चढला. "मी काय लेकराची दुपटी जाळत बसते? परवा म्हणालात खुळखुळा सापडत नाही. त्याआधी ते चावायचं कडं. तेव्हापासून बघतेय मी, घरी निघाले की तुमची नजर माझ्या पिशवीवर. अहो, माझे नातू दाढी करायला लागले! तुमचा खुळखुळा नेऊन काय मी स्वतः वाजवू?"

एरवी टिल्लीच्या आईला हसू फुटलं असतं. आत्ता ती "तसं नाही हो मावशी" असं काहीतरी पुटपुटली आणि दुपट्याची घडी घालू लागली. मावशी निघाल्या तेव्हा मात्र तिची नजर पिशवीवर गेलीच.

सोमवारपासून तिला कामावर रुजू व्हायचं होतं. बाळंतपणाची रजा, मग वाढवलेली रजा, मग साहेबांच्या हातापाया पडून मिळवलेली आणखी थोडी रजा, सगळं संपलं होतं. टिल्ली नुकती रांगायला लागली होती आणि दिसेल ते तोंडात घालत होती. तिला सांभाळणार होते टिल्लीचे आजोबा. हे टिल्लीच्या जन्माआधीच ठरलं होतं. "पाळणाघर कशाला? बाबा आहेत की," असं नवरा म्हणाला होता आणि तेव्हा तिलाही ते पटलं होतं. मावशी दुपारपर्यंत असत. पण त्यांना पुढे आणखी तीन घरं आटोपायची असल्याने त्यांचा अर्धा जीव दाराकडेच असे. तेव्हा खरा भार बाबांवर.

बाबा म्हणजे उंच, वाळका माणूस. बोलणं मोजकं, कपडे स्वच्छ, आणि कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटीपालटी करून बघायची सवय. उभा जन्म त्यांनी एका कारखान्याच्या फाटकाशी काढला होता. जुना कृत्रिम धागा, तशाच कापडाच्या चिंध्या, फुटके डबे, बाटल्या असा माल ट्रक भरभरून तिथे यायचा. तो वितळवून त्याचा दाणा करायचा आणि त्या दाण्यापासून पुन्हा धागा, डबे, खेळणी. ट्रक आला की बाबांनी प्रत्येक गठ्ठ्यातून धागा उपटायचा, प्रत्येक गोणीतून तुकडा घ्यायचा, चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्यायचा आणि विझवून त्याचा वास घ्यायचा. हे नायलॉन. हे पॉलिस्टर. यात भेसळ आहे, उतरवू नका. नको ती जात मूठभर जरी आत गेली, तरी यंत्रातला सगळा रस करपून काळा पडायचा, म्हणून त्यांच्या शब्दाशिवाय गोणी फाटकाच्या आत जात नसे. कारखान्यात त्यांचं नाव पडलं होतं नाकशेठ. माल आणणारे आधी दूरवर ट्रक थांबवून पहारेकऱ्याला विचारायचे म्हणे, "नाकशेठ जागेवर आहेत का रजेवर?"

ह्या गोष्टी तिने लग्नानंतर सासूबाईंकडून हसत हसत ऐकल्या होत्या. आता सासूबाई नव्हत्या आणि हसूही येत नव्हतं.

कारण बाबांचं काहीतरी बिनसलं होतं. काय, ते तिला नेमकं सांगता येत नव्हतं, पण आई झाल्यापासून तिच्या कानाडोळ्यांना जी नवी धार आली होती, ती तिला स्वस्थ बसू देत नव्हती. परवाच, टिल्ली त्यांच्या मांडीवर होती. खोलीच्या दारातूनच कळत होतं की टिल्लीचा लंगोट भरलाय. चांगलाच. आणि बाबा आपले मजेत तिला "चल चल घोड्या" करत गुडघ्यावर नाचवत होते.

"बाबा, अहो, तिनं केलीय ना!"

"हो का?" ते एकदम ओशाळले. "आत्ताच केली असेल."

आत्ताच केलेली नव्हती. आळस म्हणावा, तर हा माणूस स्वतःची चादर रोज झटकून घालणारा. मग विसरभोळेपणा? एकदा त्यांनी नासलेलं दूध चहात घातलं आणि तो फाटलेला चहा शांतपणे पिऊन टाकला. हल्ली टिल्लीची बाटली भरण्याआधी ते हमखास विचारत, "दूध चांगलं आहे ना गं? तू बघितलंस ना?" तिने बघितलं म्हटलं, तरी पुन्हा विचारत. डोकं चालेनासं होतंय, असं तिच्या मनाने घेतलं. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांची सुरुवात अशीच झाली होती.

आणि शुक्रवारी त्यांचा सदरा धुवायला टाकताना खिशात काड्यापेटी सापडली.

बाबा विडी ओढत नव्हते, सिगारेट ओढत नव्हते. काड्यापेटी हातात धरून ती न्हाणीघरात उभी राहिली. दुपट्याचं ते जळकं टोक डोळ्यांसमोर आलं. मग तिने टिल्लीच्या सगळ्या वस्तू काढून पलंगावर मांडल्या. लाळेऱ्याच्या नाडीला काळा मणी. कापडी सशाचं शेपूट अर्धं गायब, उरलेलं करपलेलं. रबरी बदकाच्या बुडाला नखाएवढा छेद. खुळखुळा नाही, कडं नाही, रचायच्या रंगीत वाट्या नाहीत.

जेवताना तिने नवऱ्यापुढे विषय काढला. बाबा त्यांच्या खोलीत होते.

"तू काय म्हणतेयस कळतंय का तुला?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "बाबा टिल्लीची खेळणी जाळतात?"

"मी काहीच म्हणत नाही. मी वस्तू दाखवतेय."

"परवापर्यंत मावशी चोर होत्या. आज बाबा वेडे झाले. उद्या माझा नंबर लागेल."

"तुझा कधीचाच लागलाय. काड्यापेटी कशाला लागते रे त्यांना?"

"विचार ना त्यांना."

"तू विचार. तुझे वडील आहेत."

तो पुढच्या घासाकडे बघत बसला. तो विचारणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. ह्या घरात बाबांना कोणी काही विचारत नसे. विचारायचं काम आजवर त्यांचं होतं.

"हे बघ," शेवटी तो म्हणाला, "सोमवार तोंडावर आलाय. आता कुठलं पाळणाघर मिळणार?"

"मग मी जात नाही कामावर."

"म्हणजे नोकरी सोडणार?"

तिने ताट उचललं. सोडायची नव्हती. पण डोकं ठिकाणावर नसलेल्या, खिशात काड्यापेटी घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या हाती लेक सोपवून तिला बसमध्ये पायही ठेवता आला नसता.

शनिवारी तिने सापळा लावला. दुसरा शब्द नाही त्याला. नवरा कामावर गेला, दुपारी मावशीही गेल्या, टिल्ली झोपली. मग ती चप्पल घालत मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "बाबा, मी जरा ऑफिसात तोंड दाखवून येते. उशीर होईल."

"सावकाश ये. दुधाचं काय?"

"पातेल्यात काढून ठेवलंय. उठायच्या सुमाराला तापवा."

ती खाली उतरली, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली आणि काही घ्यायचं नसताना तिथल्या काचेतल्या वस्तू बघत बराच वेळ उभी राहिली. दुकानदाराने काय हवंय विचारलं तेव्हा तिने उगाच कापूस मागितला. मग तशीच परत फिरली आणि चोरासारखी जिना चढून स्वतःच्याच घराचं कुलूप आवाज न करता उघडलं.

दार उघडताच करपट धुराचा लोट नाकात शिरला.

ती स्वयंपाकघरात धावली. शेगडी मोठी पेटलेली, दूध कधीच आटून गेलेलं, पातेलं आतून कोळशासारखं झालेलं आणि त्याची मूठ मऊ होऊन वाकलेली. तिने बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि तशीच टिल्लीच्या खोलीकडे पळाली. दार ओढून घेतलेलं होतं. टिल्ली मुठी वळून शांत झोपली होती. तिच्या अंगावर हात ठेवून तिने एक श्वास घेतला आणि मग बाल्कनीकडे वळली.

बाबा पाठमोरे बसले होते. पुढ्यात पाण्याची थाळी, पेटती मेणबत्ती. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात टिल्लीचा लाल खुळखुळा. त्याच्या मुठीची एक बारीक साल काढून त्यांनी चिमट्यात धरली, ज्योतीवर नेली, फुंकून विझवली आणि नाकाशी आणली. वास घेतला. मान हलवली. पुन्हा घेतला. नाक जवळजवळ टेकवलं, डोळे मिटले, छाती भरेपर्यंत श्वास ओढला. मग हात खाली आला. चावी अडकलेलं कुलूप माणूस पुन्हा पुन्हा हिसडून बघतो आणि शेवटी हात सोडून देतो, तसा.

"बाबा."

ते दचकून वळले. खुळखुळा मागे लपवण्याइतकाही वेळ नव्हता. "आलीस? लवकर आलीस. बरं झालं. दूध ठेवलंय टिल्लीचं तापत, बघ जरा झालंय का."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या मागे सगळं घर करपलेल्या दुधाच्या वासाने भरलेलं होतं.

"बाबा, दूध जळून कोळसा झालंय. मूठ वितळली पातेल्याची. घर पेटलं असतं! लेक झोपलीय आत!" तिचा आवाज फाटला. "तुम्हाला वास नाही आला?"

बाबांनी मेणबत्ती विझवली. चिमटा थाळीत ठेवला. मग बोटांनी नाकाचा शेंडा चाचपला. त्यातच तिला सगळं कळलं. भरलेला लंगोट, फाटलेला चहा, दूध चांगलं आहे ना. डोकं नव्हे.

"कधीपासून?"

"सांगता नाही येणार." ते खुळखुळ्याकडे बघत होते. "तुझी सासू गेली, त्यानंतर एकदा तिची शाल काढली कपाटातून. वास घेतला, तर काही नाही. म्हटलं, उडाला असेल, किती दिवस टिकणार. मग दिवे गेले एकदा संध्याकाळी, काडी ओढली. काडीचा झणका नाही आला. तेव्हा लक्षात आलं. शाल ठीक आहे, मीच गेलोय."

"आणि हे जाळणं?"

"अगं, काय काय वितळवतात तुला माहीत नाही. औषधं फवारायचे डबे, तारांवरची आवरणं, काय वाट्टेल ते. मग त्याला छान लाल रंग दिला की झाला खुळखुळा. मी बघितलंय ना आयुष्यभर. आणि ही सगळं तोंडात घालते. दुपटं शुद्ध सुती म्हणून विकलंय तुला, सुताची राख होते, मणी होत नाही. ते मला दिसतं. ज्योत दिसते, धूर दिसतो. पण खरं ते वासात असतं आणि तिथंच..." त्यांनी हाताने नुसतं 'खलास' असं केलं.

"मग हरवलेली खेळणी?"

ते उठले. तिला आपल्या खोलीत घेऊन गेले आणि कपाटाचा खालचा कप्पा उघडला. कडं, रंगीत वाट्या, बदकाची जोडीदारीण, प्लॅस्टिकचं घर, सगळं ओळीने मांडून ठेवलेलं. आणि प्रत्येकाला लाल सुतळीचा एकेक वेढा, बारीक, आवळून मारलेली गाठ.

"हा संशयाचा कोपरा," बाबा म्हणाले. "फाटकाशी होता आमचा. ज्या गोणीबद्दल शंका, तिला लाल सुतळी बांधून तिथं ठेवायची. सगळ्यांना दिसेल अशी. आणि नियम असा, की ज्यानं सुतळी बांधली त्यानं ती सोडायची नाही. दुसऱ्यानं वास घ्यायचा, त्याची खात्री पटली तर त्यानं सोडायची. एकट्याच्या नाकावर माल आत घ्यायचा नाही. माझ्याही नाही."

"इथं दुसरं कोण होतं?"

"कोणी नव्हतं. म्हणून तर साठत गेलं."

कपाटाच्या दाराला धरून ती म्हणाली, "मला सांगायचं ना बाबा. मी मावशींना चोर ठरवलं. तुम्हाला वेड लागलं असं वाटलं मला."

"वेड लागलं म्हटलं तर चालेल असं वाटलं मला," ते म्हणाले. "पण नाक गेलं हे कळलं, तर तू पोर माझ्यापाशी ठेवणार नाहीस. कशी ठेवशील? मीही नसती ठेवली."

आत टिल्ली उठल्याचा आवाज आला. ती वळली, तेवढ्यात बाबांनी वरच्या कप्प्यातून एक करड्या रंगाची शाल काढली. "एक मिनिट थांब. हिचा वास येतो का गं अजून? तिचा?"

तिने शाल चेहऱ्याशी नेली. त्यांच्या डोळ्यांत बघायचं टाळलं. हो म्हणणं किती सोपं होतं. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटलं असतं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "नुसता डांबरगोळ्यांचा येतो. उग्र."

बाबांनी शाल परत घेतली, नीट घडी घातली. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला आणि मग त्यावर फार दिवसांनी एक जुनं, कामाच्या जागेवरचं हसू आलं.

"डांबरगोळ्या मीच टाकल्यात. मूठभर. मावशींना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, येतो हो, छान येतो अजून. म्हटलं, ही बाई कामाची नाही."

"माझी परीक्षा घेत होतात?"

"तू नाही का जिना चढून हळूच कुलूप उघडलंस?"

ती टिल्लीला उचलायला गेली.

रविवारी दुपारी नवरा टिल्लीला फिरवायला घेऊन गेला. हे दोघं बाल्कनीत बसले. बाबा साल काढायचे, ज्योत बघायचे, विझवून तिच्यापुढे धरायचे. तिने वास घेऊन तो जसा असेल तसा सांगायचा.

"विझवलेल्या मेणबत्तीसारखा."

"बरा आहे. पुन्हा घे. घाई करू नकोस."

"मेणबत्तीच."

"सोड सुतळी."

खुळखुळा सुटला, वाट्या सुटल्या. प्लॅस्टिकचं घर सुटलं. कड्याची साल ज्योतीबाहेर काढताक्षणी आपोआप विझली आणि तिच्या घशात काहीतरी ओरबाडत गेलं. ती खोकत मागे सरली. "हा काय घाणेरडा! तिखट! डोळ्यांत गेला!"

बाबांनी कडं उचललं, त्याच्याकडे समाधानाने पाहिलं. "म्हटलं होतं ना. ज्योतीला हिरवी किनार दिसली होती मला. पण खात्री कोण देणार?" आणि ते कडं त्यांनी कचऱ्यात टाकलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हाताला संशय नव्हता.

मावशींची माफी तिने संध्याकाळी फोनवर मागितली. मावशी म्हणाल्या, "असू दे. उद्यापासून पिशवी तुमच्याच खुंटीला टांगते, बघत बसा."

एक गोष्ट मात्र राहिलीच होती. नवऱ्याला काही सांगितलेलं नव्हतं. बाबा म्हणाले होते, "त्याला मी सांगेन," आणि रविवारभर सांगितलं नव्हतं. तिने मनाशी ठरवून टाकलं. सोमवारी निघण्याआधी गुपचूप गॅसची टाकी बंद करायची, दूध थर्मासमध्ये भरून ठेवायचं आणि मावशींना सांगायचं. बाबांना टाकी बंद केल्याचं कळलंही नसतं. कळून दुखावण्यापेक्षा ते बरं.

सोमवारी सकाळी तिने दूध तापवलं, थर्मास भरला, टिल्लीला न्हाऊ घातलं, स्वतः तयार झाली. मग नवरा बूट घालायला बसलेला पाहून ती हळूच स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखाली वाकून तिने टाकीकडे हात नेला.

टाकी बंद होती. तिच्या बटणावर लाल सुतळीचा वेढा होता. बारीक, आवळून मारलेली गाठ.

ती तशीच वाकून राहिली.

"काय शोधतेस?" पाणी प्यायला आलेला नवरा तिच्या मागून डोकावला. "हे काय बांधलंय गॅसला?"

बाहेरच्या खोलीतून, टिल्लीला गुडघ्यावर नाचवता नाचवता, बाबा म्हणाले, "मी बांधलंय ते. माझं नाक गेलंय रे. वास येत नाही मला. तेव्हा दिवसभर मी गॅसला हात लावणार नाही."

नवरा हसला. "काय तरी काय, बाबा." मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातला पेला ओट्यावर ठेवला. "कधीपासून?"

"बस इथं," बाबा म्हणाले. "तिला जाऊ दे, बस चुकेल. तू बस. सांगतो."

तो बूट एकाच पायात असताना वडिलांसमोर जाऊन बसला.

तिने पिशवी खांद्याला लावली, टिल्लीच्या टाळूवर ओठ टेकवले. टिल्लीच्या हातात लाल खुळखुळा होता, सुतळी सोडलेला. दाराशी पोचल्यावर मागून बाबांचा आवाज आला, फाटकावरून द्यावा तसा, थोडा मोठा.

"संध्याकाळी आलीस की आधी ती गाठ सोड गं. मग चहा."

"हो बाबा," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.